टोपी की शेंडी

“हुतूतू म्हणून दाखवा,” मी म्हणाले.

खुर्चीत आडवे झालेले हिंदुराव खोचरे, म्हणजे अख्ख्या हिंगणवळ्याचे तात्या, यांनी छताकडे बघत घसा साफ केला, छाती भरून श्वास घेतला आणि सुरू केलं, “हुथूफू, हुफूफू, हुफूफू...”

माझी मदतनीस शेवंता हातातला कापसाचा डबा तसाच घेऊन बाहेर पळाली. बाहेरून तिचं हसू ऐकू आलं.

“हसू द्या तिला,” तात्या उठून बसत म्हणाले. “गावातली पोरं मला फूफूतात्या म्हंत्यात. ते बी मी सोसलं असतं. पर पंधरा दिवसांनी मला ह्यो शब्द लागणार हाय बाई. नीट लागणार हाय.”

त्या दिवशी तात्यांच्या प्रत्येक त, थ, द आणि स मधून वारा सुटत होता. तो सगळा लिहून दाखवला तर वाचणाऱ्याची दमछाक होईल, म्हणून त्यांचं बोलणं मी इथं दातांसकट लिहिते आहे.

दोन हजार सात सालची ही गोष्ट. कृष्णाकाठच्या त्या गावात दाताचा दवाखाना टाकून मला पाच महिने झाले होते आणि खुर्ची बहुतेक वेळ रिकामीच असायची. त्याचं कारण शेवंतानं दुसऱ्याच महिन्यात शोधून काढलं होतं. “बाई, तुमी बोलत न्हाई. नुसतं आरसा घालून बघताय आन् लिहिताय. माणसाला वाटतं, आत काय तरी भयानक दिसलंय हिला.” तिचं बरोबर होतं. मला नीट बघायला यायचं, नीट लिहायला यायचं. चारचौघांत बोलायची वेळ आली की मात्र जीभ टाळूला चिकटायची.

तात्यांच्या तोंडात वरचे पुढचे चार दात नव्हते. मधले दोन तरुणपणीच गेले होते. पंच्याहत्तर साली मिरजेला जाऊन त्यांनी त्या जागी ब्रिज बसवून घेतला होता, शेजारच्या दोन दातांच्या आधारानं. तो बत्तीस वर्षं टिकला. मग चार महिन्यांपूर्वी उसाचं कांडं सोलताना आधाराच्या दातांसकट हातात आला. रुमालात बांधून त्यांनी तो मला दाखवायला आणला होता.

“पूल गेला आन् खांब बी गेलं,” ते म्हणाले.

“आणि पहिले दोन दात कशानं गेले होते?” मी केसपेपर पुढं ओढला.

“हापशाचा दांडा लागला.”

मी ते लिहिलं, पण लिहिताना हात जरा थांबला. हापशाचा दांडा सुटला तर खालून वर उसळतो. हनुवटी फुटते, खालचे दात जातात. तात्यांच्या हनुवटीवर ओरखडासुद्धा नव्हता. वरच्या ओठाच्या आत मात्र एक जुना वण होता, आणि दातांमागचं हाड समोरून धडक बसल्यासारखं आत दबलेलं होतं. मी केसपेपरवर कंस करून पुढं लिहिलं: ‘रुग्णाच्या सांगण्यानुसार’. 

“पंधरा दिवसांनी काय आहे?” मी विचारलं.

तात्यांनी सांगितलं ते असं. गावात मैदानं दोन होती आणि मंडळंही दोन. वेशीबाहेरचं तात्यांचं हुतूतू मंडळ आणि नदीकडचं महालिंग शेट्यांचं, म्हणजे अण्णांचं, कबड्डी मंडळ. खेळ तोच, रेषा त्याच, माती तीच. चढाई करणारा गडी एका दमात कोणता शब्द घोकतो, एवढाच फरक. पण त्या फरकावर गाव एकतीस वर्षं दोन बाजूंना बसत होतं. आता जिल्ह्याहून पत्र आलं होतं, एका गावातून एकच संघ घेऊ. मंडळं एक करायला दोघेही तयार झाले. पोरं मिसळली, मैदान एक झालं. अडलं ते पाटीवर. ‘हिंगणवळे’ आणि ‘मंडळ’ यांच्या मध्ये काय लिहायचं?

चार बैठका मोडल्यावर शाळेतले निवृत्त पीटीचे नलवडे सर म्हणाले, आता बोलू नका, खेळा. दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांचा एक सामना. जो जिंकेल, त्याचा शब्द पाटीवर.

“आता तुमीच सांगा,” तात्या म्हणाले, “हुतूतूसाठी मैदानात उतरायचं आन् तोंडानं हुफूफू म्हणायचं? शोभंल का?”

मी कागद घेतला आणि त्यांच्या जबड्याचं चित्र काढलं. चित्र काढताना मला बोलता येतं.

“तीन मार्ग आहेत, तात्या. एक, पुन्हा ब्रिज. पण चार दातांचा भार आता शेजारच्या सुळ्यांवर येणार, आणि तुमचे सुळे हलताहेत. ते मी करणार नाही. दोन, इम्प्लांट. हाडात स्क्रू बसवायचा, तो हाडात रुजू द्यायचा, मग त्यावर दात. कोल्हापूरचे सर्जन महिन्यातून एकदा येतात, ते करतील. पण रुजायला पाच-सहा महिने लागतात.”

“तवर पाटी वाळून खडखडीत हुईल.”

“तीन, कवळी. चार दातांची, काढायची-घालायची. मागच्या दाढांना तारेनं धरते. आठवड्यात देते.”

“मग घोळ कसला? द्या कवळी.”

“ती खेळताना घालायची नाही.”

तात्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांना म्हैस देऊन दूध काढू नका म्हणाले होते.

“सुटली तर घशात जाईल,” मी म्हणाले. “कवळी म्हणजे अंगावरची वस्तू आहे, तात्या. टोपीसारखी. धक्का लागला की पडते. इम्प्लांटचा दात हाडात रुजलेला असतो. तो अंगाचा.”

तात्यांनी डोक्यावरून हात फिरवला. “म्हंजे कवळी ही टोपी आन् इम्प्लांट ही शेंडी.”

मला हसू आलं. इतकं नेमकं मला चित्र काढूनही सांगता आलं नव्हतं.

“पर बाई, टोपी काढून ठेवली तर त कुठनं आणू?”

हा मात्र माझा प्रांत होता. “त म्हणताना जीभ वरच्या दातांच्या मागं टेकते. दात नसले की वारा निसटतो. पण क घशाजवळ होतो, ब ओठांनी होतो आणि ड टाळूला जीभ लावून. त्यांना पुढचे दात लागतच नाहीत.” मी उत्साहात आले होते. “म्हणजे तुम्ही कबड्डी म्हणालात तर दातांची गरजच...”

तात्या खुर्चीतून उतरले. चपला घातल्या. दारात जाऊन उभे राहिले.

“बाई,” ते शांतपणे म्हणाले, “तुमी परगावच्या. तुमाला म्हाईत न्हाई, म्हणून ऐकून घेतलं. जीभ झडली तर झडू दे, ह्या तोंडातनं त्यो शब्द यायचा न्हाई.” मग परत येऊन खुर्चीत आडवे झाले. “घ्या माप.”

कवळीवर मी तीन दिवस घालवले. पुढच्या दातांची मागची बाजू दोनदा घासून पुन्हा चढवली, जीभ नेमकी टेकेपर्यंत. शेवटच्या दिवशी तात्यांनी खुर्चीतच श्वास भरला आणि “हुतूतूतूतूतू” असा दम धरला की खिडकीतली चिमणी उडाली. शेवंता दारात हात जोडून उभी राहिली.

“खेळताना काढून ठेवणार. शपथ?” मी विचारलं.

“मारुतीची शपथ,” तात्या नवे दात दाखवत म्हणाले.

सामन्याच्या दिवशी संध्याकाळी पाचला नदीकडच्या मैदानावर पाय ठेवायला जागा नव्हती. तात्यांनी पोरगा पाठवून मला आणि शेवंताला पुढच्या रांगेत खुर्च्या राखून ठेवल्या होत्या. एका बाजूला निळ्या रंगाची पत्र्याची पाटी उभी केली होती. ‘हिंगणवळे’, मग रिकामी जागा, मग ‘मंडळ’. शेजारी पेंटर ब्रश ओला करून बसलाच होता.

नलवडे सर पंच होते. त्यांनी दोन्ही बाजूंना मध्यरेषेशी बोलावलं. फक्की मारून रेषा पांढऱ्याशुभ्र आखल्या होत्या.

“हुतूतू म्हणा, कबड्डी म्हणा, मला फरक पडत नाही,” सर म्हणाले. “दम ऐकू आला पाहिजे आणि तुटता कामा नये. आणि वयाचं भान ठेवा. इथं स्ट्रेचर नाही.”

“अण्णाला उचलायला क्रेन तेवढी सांगून ठेवा,” तात्या म्हणाले.

“माझं राहू दे,” अण्णा म्हणाले. “तू तोंड मिटून खेळ. पाखरं घाबरत्यात.” 

अण्णा तात्यांच्याच वयाचे, सत्तावन्न-अठ्ठावन्नचे. आडवे, रुंद, मान जवळजवळ नाहीच. बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत. गावात त्यांचं खताचं दुकान होतं आणि पोत्याची शिवण ते अजून दातानं उसवायचे. माझ्या दवाखान्यात त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं, टाकायचं कारणही नव्हतं.

सामना सुरू झाला आणि पहिल्याच चढाईला मी खुर्चीतून अर्धी उठले. तात्या हसत होते आणि चारही दात तोंडात होते.

“शेवंता, त्यांनी काढली नाही!”

“बाई, बसा गप. लोक बघत्यात.”

पाच-पाच म्हातारे, प्रत्येकाच्या गुडघ्याला पट्टा, आणि तरीही खेळ असा रंगला की मी शेवंताचा हात धरून बसले होते हे मला नंतर कळलं. कुणाच्या धोतराची गाठ सुटली, कुणी रेषेबाहेर जाऊन प्रेक्षकांतल्या आपल्याच जावयाच्या मांडीवर पडलं. शेवटचं मिनिट उरलं तेव्हा गुण अकरा-अकरा झाले होते आणि चढाई तात्यांची होती.

तात्यांनी माती कपाळाला लावली. मध्यरेषा ओलांडली. “हुतूतू, हुतूतू, हुतूतू...” एकेक त टाचणीसारखा टोचत होता. तो त मी बसवला होता. चूक होती, धोका होता, तरी मला अभिमान वाटला हे खरं.

समोर अण्णा आणि आणखी दोघे होते. तात्या डावीकडे झुकले, हूल दिली, उजवीकडे वळले. परत फिरले तेवढ्यात अण्णांनी मागून कमरेला मिठी घातली. दोघेही मातीत पडले. तात्या कोपरांवर सरपटत रेषेकडे निघाले, अण्णांना ओढत. एक हात. अर्धा हात. बोटं रेषेपासून वीतभर लांब राहिली आणि तात्यांनी होता नव्हता तेवढा जोर लावून “तू” म्हटलं.

कवळी सुटली.

उन्हात चमकत ती रेषेवरून पलीकडे गेली आणि तात्यांच्याच बाजूच्या मातीत, हातभर आत जाऊन पडली. आणि त्याच वेळी तात्यांचा एक भलामोठा गडी, तात्या पोचले असं समजून, आनंदानं नाचत नेमका तिच्याच दिशेनं येत होता.

पुढचं सगळं तीन-चार सेकंदांत घडलं. तात्यांच्या तोंडातून “हुफू” असा आवाज आला. सरांनी शिट्टी ओठांशी नेली. तात्यांचे डोळे गरगरले, माझ्या खुर्चीकडे आल्यासारखे वाटले, आणि मग त्या दात नसलेल्या तोंडातून स्वच्छ, खणखणीत आवाज आला, “कबड्डी, कबड्डी, कबड्डी...”

एकही अक्षर निसटत नव्हतं. मी मोजलं, अकरा वेळा. मग दम संपला, तात्यांचं डोकं मातीला टेकलं आणि शिट्टी वाजली.

तात्यांची बोटं अजून वीतभर अलीकडेच होती. पण तोवर हुतूतूवाले उभे राहून ओरडायला लागले होते, “दात पोचलं! दात पोचलं! गुण द्या!”

नलवडे सरांनी खिशातून नियमांचं पुस्तक काढलं, चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचलं, “पकड झालेल्या चढाईवाल्याच्या शरीराचा कोणताही भाग मध्यरेषेला किंवा पलीकडे लागला, तर तो सुखरूप पोचला असे समजावे.”

“मग? दात शरीराचा भाग न्हाई व्हय?”

“मग तुझा चष्मा बी शरीराचा भाग!”

“चष्म्यानं कुणी भाकरी खातंय का?”

“सर, पुस्तकात दाताचं काय लिवलंय?”

“दाताचं काही नाही,” सर म्हणाले. त्यांनी सगळीकडे नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. “डॉक्टरबाई आहेत की इथं. बाई, या जरा.”

हजारभर माणसं माझ्याकडे वळली. शेवंतानं मला खुर्चीतून उठवलं आणि कानात म्हणाली, “व्हय म्हणा. बाई, नुसतं व्हय म्हणा. उद्यापासनं रांग लागंल दवाखान्यात.”

मी चपला रेषेबाहेर काढल्या आणि मातीत गेले. तात्या उठून बसले होते. अण्णा त्यांच्या शेजारीच गुडघ्यावर होते आणि त्यांनी उजव्या हाताची मूठ उघडली. आत कवळी होती. एक तार वाकली होती, एका दाताचा कोपरा उडाला होता, बाकी शाबूत होती. कुणीतरी माझ्या हातात माइक दिला. तो थंड होता आणि जड होता.

“सांगा,” सर म्हणाले. “हा अंगाचा भाग की नाही?”

मी तात्यांकडे बघितलं. त्यांना उत्तर माहीत होतं. त्यांनीच तर त्याचं नाव ठेवलं होतं. ते ओठ आत ओढून मातीकडे बघत राहिले.

“ही कवळी आहे,” मी म्हणाले. माझाच आवाज कर्ण्यातून नदीपर्यंत गेला आणि परत आला. “काढता येते, घालता येते. ती अंगावरची आहे, अंगाची नाही.” मला वाटलं एवढं पुरेल, पण लोक अजून माझ्याकडेच बघत होते. “टोपीसारखी,” मी म्हणाले. “टोपी घरी पोचली म्हणजे माणूस पोचला असं होत नाही.”

कबड्डीवाल्यांनी टोप्या उडवल्या. शेवंतानं कपाळावर हात मारून घेतला. पेंटरनं ब्रश बुडवला. आपला दवाखाना आता या गावात चालत नाही, हे मला स्पष्ट दिसलं, आणि आश्चर्य म्हणजे तरीही जीभ टाळूला चिकटली नव्हती.

“तर मग,” सर म्हणाले, “चढाई पोचली नाही. हिंदुराव खोचरे पकडले...”

“थांबा सर,” अण्णा म्हणाले.

ते उभे राहिले. कपाळावरचा घाम पुसला. “बाई म्हंत्यात, दात पोचलं म्हंजे हिंदुराव पोचला न्हाई. बरोबर?”

“बरोबर.”

“म्हंजे चढाई संपली न्हवती. चालूच हुती.”

“चालू होती.”

“आन् दम?”

“होता की. अकरा वेळा,” मी म्हणाले. मला कुणी विचारलं नव्हतं.

अण्णांनी उजवा हात वर केला आणि उलटा करून सगळ्यांना दाखवला. कोपराच्या खाली पांढरा पट्टा उठला होता. मध्यरेषेची फक्की.

“हे उचलायला मी ह्याच्या अंगावरनं पुढं सरकलो, तवा माझा हात पलीकडं गेला हुता. कोपरापातूर, जमिनीला टेकून. तुमी सगळी दात बघत हुता, म्हणून कुणाला दिसलं न्हाई. चालू चढाईत समोरच्याच्या अंगणात हात टेकला, म्हंजे मी बाद. आन् बाद झालेल्या गड्यानं धरलेलं, ते धरलं म्हणायचं न्हाई. पुस्तकात हाय. बघा.”

सरांनी पानं उलटली. एक पान वाचलं, पुन्हा वाचलं. मैदानात पानांचा आवाज ऐकू येत होता.

“आहे,” ते म्हणाले. त्यांनी शिट्टी वाजवली आणि हात वर केला. “महालिंग शेटे बाद. हुतूतूला एक गुण. सामना संपला.”

त्यानंतर काय गोंधळ झाला तो मला नीट सांगता येणार नाही, कारण शेवंता मला मिठी मारून उड्या मारत होती. मला एवढंच आठवतं की त्या गर्दीच्या मधोमध तात्या आणि अण्णा मातीत पाय पसरून बसले होते.

“हात कशाला घातलास रं मधी?” तात्या विचारत होते.

“नवं हुतं म्हणून.”

“हरलास त्याच्यापायी.”

“हरलो. पर तू काय म्हणत जिंकलास, ते अख्ख्या गावानं ऐकलंय.”

“तू गप,” तात्या म्हणाले. मग माझ्याकडे वळून, “बाई, रागावू नका. शपथ मोडली न्हाई मी. मारुतीची घेतली हुती. गावात मारुती तीन हायत. कुठल्या मारुतीची, ते सांगितलं न्हवतं.”

घरी परतताना वाटेत माझ्या लक्षात आलं. दात अंगाचा धरला असता, तरी गुण तात्यांनाच मिळाला असता. चढाईवाला सुखरूप पोचला की त्याला धरणारे बाद होतात. मी हो म्हणाले असते तरी निकाल तोच लागत होता. फक्त मग तो माझ्या शब्दावर लागला असता. आता तो अण्णांच्या शब्दावर लागला होता.

आठ दिवसांनी तात्या दवाखान्यात आले. तोपर्यंत शेवंतानं म्हटलं होतं तशी रांग लागली होती. रांग म्हणजे सहा माणसं, पण आमच्या बाकावर मावत नव्हती. “खोटं बोलत न्हाई ती दाताची बाई,” असं गावात झालं होतं म्हणे. तात्यांच्या मागून अण्णा आत आले आणि दारातच, खुर्चीपासून शक्य तेवढ्या लांब, उभे राहिले.

“तुमचं काय दुखतंय, अण्णा?” मी विचारलं.

“माझं काय न्हाई. ह्याच्यासंगं आलोय.”

“बाई, टोपी झाली,” तात्या कवळी टेबलावर ठेवत म्हणाले. “ती दुरुस्त करा, तवर वापरतो. पर आता मला शेंडी पायजे. लागू देत सा म्हैने.”

मी केसपेपर काढला. कोल्हापूरच्या सर्जनांकडे पाठवायची चिठ्ठी लिहायला घेतली. त्यात सगळा इतिहास द्यावा लागतो, दात कधी गेले, कशानं गेले.

“हापशाचा दांडा,” मी वाचत वाचत लिहायला लागले.

“कशाचा दांडा?” दारातून अण्णांनी विचारलं.

“तू गप,” तात्या म्हणाले.

“ह्यानं तुमास्नी बी हापसाच सांगितला?” अण्णा आत आले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला होता. “बाई, हापसा न्हाई. माझं डोस्कं हुतं ते. पंच्याहत्तर साली. सराव चालला हुता, आमचं भांडण झालं. रागाच्या भरात मी डोस्कं घातलं ह्याच्या तोंडावर. दोन दात तिथंच मातीत पडलं. आठ दिवसांनी जिल्ह्याच्या संघाची निवड हुती. मारामारी केलेल्या गड्याला आमचं वस्ताद पाठवत न्हवतं. ह्यानं वस्तादास्नी सांगितलं, हापशाचा दांडा लागला.”

“मग?”

“मग ह्यो सुजल्यालं तोंड घिऊन घरात बसला आन् मी जिल्ह्याकडनं खेळलो.”

“आन् वर्षानं येताना काय घिऊन आला इचारा,” तात्या माझ्याकडे बघत म्हणाले. “म्हणं, भायेर सगळी कबड्डी म्हंत्यात, आता आपण बी कबड्डी म्हणायचं. दात माझं गेलं आन् शब्द ह्यानं बदलून आणला! मी काय म्हणून ऐकून घ्यायचं?”

एकतीस वर्षांच्या दोन मंडळांचं कारण माझ्या टेबलावर येऊन पडलं होतं. शेवंता कापसाचा डबा छातीशी धरून उभी होती आणि या वेळी हसत नव्हती.

“म्हणून तुम्ही हात घातलात,” मी अण्णांना म्हणाले.

“एकदा माझ्यामुळं मातीत पडलं हुतं,” अण्णा म्हणाले. “तवा मी उचललं न्हवतं.”

तात्यांनी टेबलावरची कवळी उचलून तोंडात घातली, वाकलेल्या तारेसकट, आणि जीभ दातांना टेकवून नीट, स्वच्छ म्हणाले, “बास झालं. तू लई बोलतोस.”

मी केसपेपरवरचा हापसा खोडला. ‘रुग्णाच्या सांगण्यानुसार’ हेही खोडलं. दात जाण्याचं कारण, या शब्दांपुढं पेन टेकवला.

“काय लिहू?”

“लिवा की, हुतूतू,” तात्या म्हणाले.

“कबड्डी लिवा,” अण्णा म्हणाले.

“पाटीवर काय लागलंय बघितलंस न्हवं?”

“पाटीवर लागलंय. कागद सरकारी हाय. सरकारात कबड्डीच म्हंत्यात.”

“हुतूतू!”

“कबड्डी!”

बाकावरची सहाही माणसं उठून दारात आली होती आणि त्यांच्यात दोन बाजू पडायला सुरुवात झाली होती. मी मान खाली घातली आणि नेहमीच्या नीट अक्षरात लिहिलं: ‘खेळताना.’